फवारणीचा पंप कोणाच्या पाठीवर?

मागच्या महिन्यात तालुक्याच्या एका कार्यकर्ता शिबिरात मी मित्रबुरशीवर बोलले. कपाशीवरील रस शोषणाऱ्या किडी बुरशीने कशा मारता येतात, एवढाच विषय होता. बोलणे संपताच एक तरुण मित्र उठला आणि म्हणाला, "ताई, हे सेंद्रिय शेतीचे विषय त्या लोकांचे. गाय, गोमूत्र आणि परंपरा. आपल्या माणसांकडे जमीनच नाही, मग आपण यात वेळ का घालवायचा?"

प्रश्न चांगला होता. तिथे मी जे उत्तर दिले ते घाईचे होते, म्हणून हा लेख.

सुरुवात माझ्या मामापासून करते, कारण माझ्यासाठी हा विषय पुस्तकातून आलेला नाही. समाजशास्त्रात एम.ए. करताना 'कृषी संरचना आणि जात' असा एक पेपर मला होता. त्यात चांगले गुणही मिळाले. पण शेतीतली जात मला खऱ्या अर्थाने दिसली ती सप्टेंबर २०१७ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात. मामा तीन दिवस दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी करत होता. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. बॅटरीचा पंप पाठीवर, नोझल डोक्याच्या वर धरलेले, आणि औषधाचे बारीक तुषार तोंडावर, मानेवर, सदऱ्यावर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाला दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ यायला लागली, समोरचे दिसेना. मामी सांगते, तो दिवा लावायला सांगत होता, आणि दिवा तर चालूच होता.

मामा वाचला. अॅट्रोपिनची इंजेक्शने देऊन डॉक्टरांनी त्याला बाहेर काढले. पण त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घालावी लागली. त्या काळात प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायफेनथियुरॉन ही नावे आमच्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ झाली होती.

आता प्रश्न असा की ही औषधे मारायची कशासाठी होती? बोंडअळीसाठी होतीच, पण मोठा वाटा रस शोषणाऱ्या किडींचा होता. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण. बीटी कपाशी २००२ साली आली तेव्हा फवारण्या संपल्या असे सांगितले गेले. पण बीटीचे विष अळीने पान किंवा बोंड कुरतडून खाल्ले तरच तिच्या पोटात काम करते, आणि तेही ठरावीक बोंडअळ्यांवर. सोंड खुपसून रस पिणाऱ्या किडीला त्याने काही होत नाही. म्हणजे अळीसाठी बियाण्याचे जास्त पैसे मोजायचे आणि माव्या-तुडतुड्यांसाठी पुन्हा औषधाचे. आणि ती फवारणी करायची कोणी?

इथे चौकशीची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. त्या वेळी सगळीकडून एकच वाक्य ऐकू येत होते. मजुरांनी सुरक्षा किट वापरले नाही, मास्क लावला नाही, औषधे एकत्र मिसळली. म्हणजे मेला तोच दोषी! भर ऑक्टोबरच्या उन्हात, पाठीवर पंधरा लिटरचा पंप घेऊन, अंगभर प्लास्टिकचा कोट घालून दिवसभर चालून दाखवा, मग बोला. आणि औषध कोणते, किती, कशात मिसळायचे हे मजूर ठरवत नाही. ते मालक आणि कृषी केंद्राचा दुकानदार ठरवतात. मजूर फक्त पंपाचा हिशेब देतो, कारण त्याची मजुरी पंपांवर असते.

आमच्या गावात जमीन ज्यांच्या नावावर आहे ते आणि पंप ज्यांच्या पाठीवर आहे ते, हे दोन वेगळे लोक आहेत. पंप भरायला डोक्यावरून पाणी वाहून आणणाऱ्या बाया तर कोणत्याच नोंदीत नाहीत. त्यांना विषबाधा झाली तर 'चक्कर आली' म्हणून घरी पाठवतात. जात श्रमिकांचीच विभागणी करते, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. या विभागणीत विष कोणाच्या वाट्याला येते, तेवढे आपण शेतात जाऊन पाहायचे आहे.

म्हणून माझ्या तरुण मित्राला पहिले उत्तर हे. जमीन आपल्याकडे नाही हे खरे, पण विष आपल्याकडेच आहे. कमी विषाची शेती हा जमीनदाराच्या आधी शेतमजुराचा प्रश्न आहे.

आता बुरशीकडे येते.

मामाकडे गायरानातली दीड एकर जमीन आहे. आजोबांनी काढलेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे शासनाचे धोरण होते, पण मामाच्या नावाचा सातबारा आजवर झालेला नाही. सातबारा नाही म्हणून पीक कर्ज नाही, पीक विमा नाही. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांना विहीर देणारी, बाबासाहेबांच्याच नावाची कृषी स्वावलंबन योजना आहे. तिचा अर्ज भरायलाही सातबारा लागतो. विषबाधेनंतर मामाने दुसऱ्याची फवारणी सोडली, पण स्वतःच्या दीड एकरात मारतच होता. मी म्हटले, मामा, बुरशी वापरून पाहू. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

"आतापावतर त बुरशीवर औषध मारलं बाई. आता बुरशीच औषध काय?"

त्याचे हसणे बरोबर होते. मावा आणि पांढरी माशी पानावर चिकट स्राव टाकतात, त्यावर काळी बुरशी चढते, पान काळे पडते, कापूस वेचताना बायांची बोटे चिकट होतात. शेतकऱ्याच्या अनुभवात बुरशी म्हणजे रोगच. पण बुरशीच्या हजारो जाती आहेत आणि त्यातल्या काही किड्यांवरच जगतात. १८३५ साली इटलीत ऑगोस्टिनो बस्सी यांनी रेशीमकिड्यांना पांढरा लेप चढवून मारणारा रोग एका बुरशीमुळे होतो हे सिद्ध केले. रोग दैवी कोपाने किंवा हवा बिघडल्याने नव्हे, तर सूक्ष्म जीवाने होतो, हे प्राण्यांच्या बाबतीत दाखवणारे ते सुरुवातीचे संशोधन. त्यांच्याच नावावरून त्या बुरशीला बिव्हेरिया बॅसियाना हे नाव पडले. १८७९ साली मेचनिकोव्ह यांनी रशियात गव्हावरच्या भुंग्यांविरुद्ध मेटारायझियम वापरून पाहिली. आपल्याकडे रस शोषणाऱ्या किडींसाठी सर्वांत जास्त वापरली जाते ती तिसरी बुरशी, व्हर्टिसिलियम लेकॅनी. शास्त्रज्ञांनी आता तिचे नाव बदलले आहे, पण पुडीवर हेच नाव मिळते.

ती काम कशी करते हे समजून घ्या, कारण वापरण्याचे सगळे नियम त्यातूनच निघतात. बुरशीचे बीजाणू किड्याच्या अंगाला चिकटतात. ओलावा मिळाला की त्यांना कोंब फुटतो. तो कोंब विकरे सोडून किड्याची कातडी विरघळवतो आणि आत शिरतो. मग बुरशी किड्याच्या शरीरात वाढते, त्यातले अन्नद्रव्य संपवते, आणि काही दिवसांत किडा मरतो. हवा दमट असेल तर मेलेल्या किड्यावर पांढरा कापसासारखा थर येतो आणि त्यातून नवे बीजाणू पसरतात. म्हणजे किड्याने बुरशी खाण्याची गरज नाही, अंगाला लागली की पुरे. सोंडेने आतला रस पिणाऱ्या किडीला पानाच्या वर मारलेले जिवाणू किंवा विषाणू खायला घालता येत नाहीत. म्हणून या किडींसाठी सूक्ष्मजीवांमध्ये बुरशीच उपयोगी पडते.

पहिल्या वर्षी आमचा प्रयोग सपशेल फसला. हे मी मुद्दाम सांगते, कारण यशोगाथा सांगणारे पुष्कळ आहेत. मी एका दुकानातून पुडी आणली. ती पत्र्याच्या छपराखाली, उन्हात तापलेल्या फळीवर किती महिने पडून होती कोणास ठाऊक. शिक्क्यावरची तारीख पुसट. मामाने ती दुपारी बारा वाजता मारली, कारण दुपारनंतर त्याला दुसरीकडे कामाला जायचे होते. वर दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याच पंपात बुरशीनाशक टाकले. आता बुरशीच्या पंपात बुरशीनाशक म्हणजे काय होणार? पाऊस दहा दिवस गायब होता. आठ दिवसांनी तुडतुडे होते तिथेच, आणि पानांच्या कडा लाल. मामा काही बोलला नाही, हे जास्त लागले. दीड एकर ही त्याची वर्षाची भाकर आहे आणि मी तिच्यावर प्रयोग केला होता.

दुसऱ्या वर्षी मी आधी शिकले. कृषी विज्ञान केंद्रातल्या एका तरुण विषयतज्ज्ञाकडे दोन दिवस बसले, वही भरली. मग आम्ही फक्त अर्ध्या एकरात बुरशी वापरली आणि एक एकर मामाच्या पद्धतीने ठेवले. त्यातून जे कळले ते असे.

बुरशी जिवंत वस्तू आहे, म्हणून ताजी घ्या. पुडीवर नोंदणी क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख पाहा. जैविक कीटकनाशकेही १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात. नोंदणी क्रमांक नसेल तर ती पुडी म्हणजे नुसती पावडर समजा. एका ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत बीजाणू असावेत असा मानदंड आहे, पुडीवर तो १ × १०⁸ सीएफयू असा लिहिलेला असतो. पुडी सावलीत, थंड जागी ठेवा. प्रमाण १० लिटर पाण्याला ४० ते ५० ग्रॅम. फवारणी संध्याकाळीच करा, कारण ऊन बीजाणूंना मारते आणि रात्रीचा दमटपणा त्यांना रुजवतो. संध्याकाळी मधमाश्याही फुलांवर नसतात. नोझल पानाच्या खालच्या बाजूला फिरले पाहिजे, कारण तुडतुडे आणि पांढरी माशी तिथेच बसतात. बुरशीनाशक त्याच पंपात नको, आणि आधी वापरलेला पंप नीट धुऊन घ्या. आणि कीड वाढून बसल्यावर नव्हे, सुरुवातीलाच मारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारा.

त्याआधी कीड मोजायला शिका. पानामागे तुडतुड्यांची दोन-तीन पिल्ले किंवा दहा फुलकिडे दिसले तर फवारणीचा विचार करायचा, अशी शिफारस असते. आमच्याकडे शेजाऱ्याचा पंप वाजला की आपलाही वाजतो, ही खरी पद्धत. मामा आता दर रविवारी वीस झाडे पाहतो. पिवळे चिकट सापळे लावले. युरियाची एक मात्रा कमी केली, कारण जास्त नत्राने पान लुसलुशीत होते आणि रस पिणाऱ्या किडीला ते आवतणच. ढालकिडे म्हणजे मावा खाणारे मित्र आहेत हे कळल्यावर मामाने त्यांना मारणे बंद केले.

त्या वर्षी पाऊस बरा होता. दुसऱ्या फवारणीनंतर सहाव्या दिवशी मामीने पान उलटे करून दाखवले. पिठ्या ढेकणावर त्याच्या स्वतःच्या पांढऱ्या पिठाहून वेगळी, उभी, कापसासारखी बुरशी होती. पांढऱ्या माश्या पानाला चिकटून मेल्या होत्या. तुडतुडे कमी झाले, पण गेले नाहीत. मधल्या पंधरा दिवसांच्या उघडिपीत फुलकिडे वाढले, तेव्हा निंबोळी अर्क मारावा लागला आणि एकदा रासायनिक औषधही. उत्पादन दुप्पट झाले असला दावा मी करणार नाही. अर्ध्या एकरातला कापूस बाकीच्या एवढाच निघाला. पण तिथे रासायनिक फवारणी एकदाच झाली, बाकी एकरात पाच वेळा. मामाचे मत विचारले तर तो कापसाबद्दल बोललाच नाही. म्हणाला, "पह्यले पंप उतरवला की रातभर डोकं भनभन करे. या तुकड्यात नाही करत."

माझ्यासाठी या प्रयोगाचा निकाल एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

आता माझ्या मित्राच्या आक्षेपाचा दुसरा भाग. सेंद्रिय शेतीच्या व्यासपीठावर परंपरेचे गोडवे गायले जातात, गाईचे राजकारण होते, आणि ज्या 'सुवर्णकाळा'त आपल्या आज्या-पणज्यांना मेलेली ढोरे ओढावी लागत होती त्याचेच गुणगान चालते, हे मी नाकारत नाही. त्या व्यासपीठावर मीही बसत नाही. पण म्हणून जमीन, पाणी आणि आरोग्याचा प्रश्न त्यांना देऊन टाकायचा का? व्हर्टिसिलियमला गाय लागत नाही, मंत्र लागत नाही, मुहूर्तही लागत नाही. लागते ती सूक्ष्मदर्शक यंत्राची आणि तापमापीची समज. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. अर्धा एकर असा आणि एक एकर तसा, हे त्याच वाटेने जाणे आहे. 'सेंद्रिय' या शब्दालाही तोच नियम लावा. दुकानातले प्रत्येक 'जैविक' जैविक नसते, आणि जैविक आहे म्हणून निरुपद्रवीही नसते. बुरशीची पावडर नाकात गेली तर काहींना अॅलर्जी होते, म्हणून तोंडाला फडके बांधायचेच. बिव्हेरिया रेशीमकिड्यालाही मारते, म्हणून तुतीच्या मळ्याजवळ ती नको.

शिबिरात एका उपासिकेने वेगळाच प्रश्न विचारला. पंचशीलातले पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे, मग बुरशीने का होईना, किडे मारणे चालते का? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, आणि अहिंसा हा आंधळा नियम नसून तत्त्व आहे असे मांडले आहे. तत्त्व विचार करायला लावते. गरज किती, ती कोणाची, आणि तिची किंमत कोण देतो, हे विचारायला लावते. कीड न मोजता शेजाऱ्याचा पंप वाजला म्हणून विष मारणे ही गरज नाही, ती सवय आहे. त्या सवयीत ढालकिडे मरतात, मधमाश्या मरतात आणि माणसेही मरतात. मोजून, गरजेपुरते, फक्त किडीला लागेल असे मारणे या तत्त्वाच्या जास्त जवळ जाते, असे मला वाटते.

पण मित्रांनो, बुरशीने जात मरत नाही. आपल्यातल्या कोणी 'सेंद्रिय क्रांती'चा फेटा बांधून फिरू नये म्हणून हेही सांगते. उद्या मालकाने व्हर्टिसिलियम आणले तरी पंप मामाच्याच पाठीवर असेल आणि मजुरी तीच असेल. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि त्यात जमीनदार, कूळ, भूमिहीन मजूर असे भेद उरू नयेत अशी मांडणी केली. त्याआधी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. त्या लढ्यांमुळे गायरानातले तुकडे आपल्या हाती आले. ते सातबाऱ्यावर चढवणे हे पहिले काम होते आणि आजही आहे. पण तोवर त्या तुकड्यात काय पिकते आणि ते पिकवताना आपली माणसे जगतात की मरतात, हेही चळवळीचेच काम आहे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांपुढे काही ठोस कामे ठेवते. गावातल्या फवारणी करणाऱ्या प्रत्येक मजुराची यादी करा. ग्रामपंचायतीकडे ती नसते. हंगामाआधी त्यांची आरोग्य तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी आणि तिथे अॅट्रोपिनचा साठा असावा, याचे लेखी निवेदन द्या. सुरक्षा साधने मालकाने द्यायची आहेत, मजुराने विकत आणायची नाहीत, हे ग्रामसभेत मांडा. विषबाधेच्या रुग्णासोबत औषधाची बाटली किंवा निदान तिच्या लेबलचा फोटो दवाखान्यात नेलाच पाहिजे, हे घराघरात सांगा. आणि आपल्यातली जी मुले-मुली सूक्ष्मजीवशास्त्र शिकून कॉल सेंटरमध्ये बसली आहेत, त्यांनी मित्रबुरशीचे छोटे उत्पादन केंद्र उभारण्याचा विचार करावा. परवाना लागतो, गुणवत्तेची शिस्त लागते, हे सोपे नाही. पण अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी कमानी आणि सभागृहांवर खर्च होताना आपण पाहतो, तेव्हा तालुक्याला एक प्रयोगशाळा मागायला काय हरकत आहे?

यंदा मामाने पूर्ण दीड एकर बुरशीवर घेतले आहे. पावसाने दगा दिला तर काय, हा प्रश्न आहेच, आणि त्याचे उत्तर माझ्या वहीत नाही. परवा फोन केला तर म्हणाला, "मालक विचारत होता, तुयी ती पांढरी पावडर कुठं भेटते म्हणून."

मी विचारले, "मग तू काय सांगितलं?"

"म्हटलं सांगतो. पण पह्यले फवारणीची मजुरी वाढवा आन् सांजच्याले दोनच तास काम, हे कबूल करा."

आपल्या चळवळीला यापेक्षा चांगला मागणीचा मसुदा मला तरी अजून सुचलेला नाही.

जयभीम.